लिनक्सवर मराठी मजकुरासाठी हलका एडिटर निवडताना

धाराशिव : एकाच टेबलावरील संगणकाला गेल्या दोन-तीन वर्षांत दोन बदलांना सामोरे जावे लागले. पहिला बदल नावाचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये उस्मानाबाद शहराचे आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. दुसरा बदल संगणकाच्या आतला. विंडोज १० या प्रणालीला मिळणारे मोफत पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी मेमरी, टीपीएम २.० ही सुरक्षेची चीप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट असलेले अनेक जुने संगणक एका दिवसात 'कालबाह्य' ठरले.

तालुक्याच्या गावातील डीटीपीचे दुकान, वकिलांकडील टंकलेखक, पतसंस्था किंवा शाळेचे कार्यालय यांच्यापुढे अशा वेळी दोन वाटा असतात. एक, नवा संगणक घेणे. दुसरी, जुन्याच संगणकावर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवणे. दुसरी वाट धरणाऱ्याला पहिल्याच दिवशी प्रश्न पडतो तो साधाच असतो. विंडोजमध्ये नोटपॅड होते, येथे काय वापरायचे? लिनक्सवर या प्रश्नाला एक नव्हे, डझनभर उत्तरे आहेत. त्यांतून मराठीत काम करणाऱ्याने निवड कशी करावी, याचा हा आढावा.

एडिटर आणि वर्ड प्रोसेसर

टेक्स्ट एडिटर आणि वर्ड प्रोसेसर यांत गल्लत होऊ नये. लिब्रेऑफिस रायटरसारखा वर्ड प्रोसेसर अक्षरांबरोबर त्यांचा आकार, ठळकपणा, समास, तक्ते अशी सजावटही साठवतो. टेक्स्ट एडिटर केवळ अक्षरे साठवतो. म्हणूनच त्याची फाइल लहान असते, कोणत्याही प्रणालीवर उघडते आणि वीस वर्षांनी उघडली तरी वाचता येते. याद्या, टिपणे, बातम्यांचे मसुदे, अर्जांचे ठरावीक नमुने, पत्त्यांच्या नोंदी यांसाठी साधी टेक्स्ट फाइल पुरेशी असते.

लिनक्सवर एडिटरला आणखी एक महत्त्व आहे. या प्रणालीच्या बहुतेक सेटिंग साध्या टेक्स्ट फायलींत लिहिलेल्या असतात. प्रिंटर जोडताना किंवा नेटवर्कची अडचण सोडवताना कधी ना कधी अशी फाइल उघडावीच लागते. विंडोजमध्ये नोटपॅडवाचून वर्षानुवर्षे निभावते. लिनक्सवर एडिटरवाचून फार काळ निभावत नाही.

विंडोज पुसण्यापूर्वी

एडिटर निवडण्याच्या आधीची पायरी अधिक मोलाची आहे, कारण ती चुकली तर परतीचा मार्ग नसतो. जुन्या संगणकातील मराठी मजकूर साधारणपणे तीन प्रकारचा असतो.

पहिला प्रकार जुन्या फॉन्टमधील मजकुराचा. युनिकोड रुळण्यापूर्वी श्री-लिपी, आयएसएम, कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये हजारो पाने टंकित झाली. त्या फायलींत प्रत्यक्षात देवनागरी अक्षरे नसतात. इंग्रजी अक्षरांच्या व चिन्हांच्या क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट आहे तोवर मराठी दिसते. फॉन्ट गेला की इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची जत्रा उरते. लिनक्सवरील कोणताही एडिटर, हलका असो वा भारी, हा मजकूर आपोआप मराठीत वाचून दाखवू शकत नाही. त्यासाठी फॉन्टनुसार बनवलेला परिवर्तक लागतो. जुनी प्रणाली चालू असतानाच असे रूपांतर करून घेणे आणि मूळ फायलींची प्रत फॉन्टसह वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवणे शहाणपणाचे.

दुसरा प्रकार नोटपॅडमध्ये 'युनिकोड' असा पर्याय निवडून जतन केलेल्या फायलींचा. जुन्या नोटपॅडच्या भाषेत 'युनिकोड' म्हणजे यूटीएफ-१६ ही पद्धत. लिनक्सवर मात्र यूटीएफ-८ ही पद्धत सर्वमान्य आहे. अशा फायली उघडताना एडिटर अडखळला तर घाबरण्याचे कारण नाही. उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-१६ निवडावे आणि जतन करताना यूटीएफ-८ करावे. शेकडो फायली असल्यास 'आयकॉन्व्ह' ही लिनक्समधील आज्ञा हेच काम करते.

तिसरा प्रकार सर्वांत दुःखद. नोटपॅडमध्ये मराठी मजकूर 'एएनएसआय' पद्धतीने जतन केला असेल तर प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह साठवले जाते. तो मजकूर कायमचा गेलेला असतो. नोटपॅडने यूटीएफ-८ ही पद्धत मूळ पसंती म्हणून स्वीकारली ती २०१९ मध्ये. त्याआधीच्या फायली एकदा उघडून पाहाव्यात, म्हणजे छापील प्रत शोधून ठेवायची की नाही हे वेळेत कळते.

'हलका' म्हणजे काय?

हलकेपणा तीन गोष्टींवर ठरतो : एडिटर किती मेमरी घेतो, किती वेगाने उघडतो आणि सोबत किती इतर घटक बसवावे लागतात. २ जीबी मेमरीच्या संगणकात ब्राउझर उघडला की निम्म्याहून अधिक मेमरी तोच गिळतो. उरलेल्यात एडिटर बसला पाहिजे.

व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा २०१५ मध्ये आलेला एडिटर आज लोकप्रिय आहे. देवनागरीही त्यात नीट दिसते. मात्र तो इलेक्ट्रॉन या तंत्रावर उभा आहे. म्हणजे एडिटरबरोबर क्रोमियम ब्राउझरचे संपूर्ण इंजिन चालते. प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे. यादी टंकित करणाऱ्यासाठी जुन्या संगणकावर तो ओझे ठरतो. त्याच तंत्रावरचा ॲटम हा गाजलेला एडिटर डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाला, हेही ध्यानात ठेवण्यासारखे. साध्या टेक्स्ट फाइलचे मोठेपण येथे कळते. एडिटर बंद पडला तरी फाइल अडकून राहत नाही.

लिनक्सचे वितरण निवडतानाही थोडी दक्षता हवी. फार जुने ३२ बिटचे संगणक असतील तर ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून त्यांच्यासाठी नवी स्थापना उपलब्ध नाही. संगणक ६४ बिटचा आहे की नाही हे आधी तपासावे.

खिडकीत चालणारे एडिटर

लिनक्सचे प्रत्येक डेस्कटॉप आपापला एडिटर घेऊन येते. म्हणून नवा शोधण्याआधी आलेला एडिटर पाहणे उत्तम.

माउसपॅड : एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपचा, म्हणून झुबंटूसारख्या वितरणात तयार मिळणारा एडिटर. दिसायला नोटपॅडसारखा. टॅब, ओळींचे क्रमांक, शोध व बदल, एन्कोडिंग आणि ओळींच्या शेवटाची निवड हे सर्व आहे. नोटपॅडवरून येणाऱ्याला त्यात शिकण्यासारखे जवळजवळ काही नाही, हाच त्याचा गुण.

लीफपॅड : एके काळी हलकेपणाचा मानदंड. एका खिडकीत एक फाइल, एवढाच कारभार. माउसपॅडची सुरुवातही याच्याच आधारे झाली. तो ज्या जीटीके २ या पायावर उभा आहे तो पाया आता मागे पडला आहे. जुन्या वितरणात असेल तर वापरण्यास हरकत नाही. नव्याने बसवण्याचा आग्रह धरू नये.

फेदरपॅड : लुबंटूने २०१८ मध्ये एलएक्सडीई सोडून एलएक्सक्यूटी हे डेस्कटॉप स्वीकारले, तेव्हापासून त्यातील एडिटर. नावाप्रमाणे पिसासारखा हलका, तरी टॅब, नियमित पदावलीने शोध आणि ठरावीक मिनिटांनी आपोआप जतन करण्याची सोय देतो.

एक्सएड आणि प्लुमा : लिनक्स मिंटमध्ये एक्सएड असतो, तर मॅटे डेस्कटॉपमध्ये प्लुमा. दोन्ही जीएडिट या जुन्या एडिटरच्या वंशातले. नोम डेस्कटॉपने २०२२ मध्ये जीएडिटऐवजी 'टेक्स्ट एडिटर' याच साध्या नावाचा नवा एडिटर आणला. तो जतन न केलेला मजकूरही पुढच्या वेळी परत दाखवतो.

केट आणि केराइट : केडीई या डेस्कटॉपचे एडिटर. केराइट साधा, केट संपन्न. संपूर्ण फोल्डरमधील फायलींत एकदम शोध व बदल करण्याची केटची सोय उल्लेखनीय आहे. दुसऱ्या डेस्कटॉपवर तो बसवल्यास केडीईचे बरेच घटक सोबत येतात, एवढी किंमत मोजावी लागते.

जीनी : २००५ मध्ये सुरू झालेला हा एडिटर प्रोग्रॅमिंगसाठी बनला, पण मजकुरासाठीही चांगला. विंडोजवरील नोटपॅड प्लस प्लस ज्या सिंटिला या घटकावर उभे आहे, त्यावरच जीनीही उभा आहे. त्यामुळे त्या एडिटरची सवय असलेल्यांना तो परका वाटत नाही. जीनी आणि केट विंडोजवरही मिळतात. लिनक्स बसवण्यापूर्वी महिनाभर विंडोजवरच त्यांचा सराव करून पाहता येतो.

टर्मिनलमधील एडिटर

कधी डेस्कटॉपच उघडत नाही आणि समोर काळा पडदा येतो. तेव्हा खिडकीतील एडिटर निरुपयोगी ठरतो. त्यासाठी टर्मिनलमधील एक एडिटर जुजबी तरी आला पाहिजे.

नॅनो हा त्यांत सर्वांत सोपा. १९९९ मध्ये सुरू झालेला हा एडिटर पडद्याच्या तळाशी आज्ञांची यादी दाखवतो. कंट्रोल आणि ओ दाबले की फाइल जतन होते, कंट्रोल आणि एक्स दाबले की बाहेर पडता येते. एवढे दोन संकेत लक्षात असले तरी अडीअडचणीला पुरतात.

व्हीआय हा बिल जॉय यांनी १९७६ मध्ये बर्कले येथे लिहिलेला एडिटर आणि त्याचा विस्तार म्हणजे ब्राम मूलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला व्हिम. मूलेनार २०२३ मध्ये निवर्तले. व्हिमचे काम मात्र चालू आहे. अत्यंत हलका, सर्वत्र उपलब्ध आणि सराव झाल्यावर विलक्षण वेगवान. नवख्याला मात्र त्यातून बाहेर कसे पडावे हेच कळत नाही. एस्केप दाबून विसर्गासारखे दिसणारे कोलनचिन्ह, इंग्रजी क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर, ही बाहेरची वाट.

मराठीत टंकन करणाऱ्याला व्हिममध्ये आणखी एक अडचण येते. त्याच्या आज्ञा इंग्रजी अक्षरांच्या आहेत. कळफलक मराठीवर असेल तर आज्ञेऐवजी देवनागरी अक्षर पोहोचते आणि व्हिम ढिम्म राहतो. प्रत्येक वाक्यागणिक कळफलक बदलण्याचा कंटाळा येतो. शिवाय टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन देते. इंग्रजीला ते चालते. देवनागरीत काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरे या चौकोनात मावत नाहीत. अनेक टर्मिनलांत वेलांटी भलतीकडे सरकते, जोडाक्षर फुटते आणि कर्सर एका जागी दिसून अक्षर दुसऱ्या जागी उमटते. फाइलमधील मजकूर शाबूत असतो, दिसण्यात घोटाळा होतो. म्हणून टर्मिनलमधील एडिटर सेटिंगसाठी आणि खिडकीतील एडिटर मराठीसाठी, अशी वाटणी सोयीची.

मराठीची कसोटी

इंग्रजीत लिहिलेल्या एडिटरच्या परीक्षणांत मराठीच्या गरजा सापडत नाहीत. त्या स्वतःच तपासाव्या लागतात.

देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून स्थान आहे. यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागते, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'उस्मानाबाद' या शब्दात काने आणि हलन्त धरून दहा चिन्हे आहेत, म्हणजे ३० बाइट. 'धाराशिव' शब्दात सात, म्हणजे २१ बाइट. डोळ्यांना दिसणारे अक्षर आणि संगणकाने मोजलेले चिन्ह यांत असा फरक असतो. बॅकस्पेस दाबल्यावर 'शि' हे पूर्ण अक्षर जाते की फक्त वेलांटी, हे त्यावरूनच ठरते.

याच फरकातून दिसायला एकच पण संगणकाला दोन वाटणारे शब्द तयार होतात. दोन उदाहरणे रोजच्या कामातली आहेत.

वकिलांच्या यादीतील 'ॲड.' हा संक्षेप घ्यावा. त्यातील 'ॲ' हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वीच्या फायलींत आणि कित्येक कळफलकांवर आजही 'अ' आणि त्यावर अर्धचंद्र अशी दोन चिन्हे जोडून 'अॅड.' लिहिले जाते. यादीत ४० वकील असतील आणि शोधात २५ सापडले, तर उरलेले १५ गायब झालेले नसतात. ते दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले असतात.

दुसरे उदाहरण 'शेतकऱ्यांना' या शब्दाचे. त्यातील 'ऱ्य' दोन प्रकारे साठवता येते : खास मराठीसाठीचे नुक्ताधारी 'ऱ' वापरून किंवा साध्या 'र'नंतर न दिसणारे जोडचिन्ह घालून. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. पण एकाचा शोध घेतला तर दुसरे सापडत नाही. रूपांतर करताना ते न दिसणारे जोडचिन्ह गळून पडले तर 'ऱ्य'चा 'र्य' होतो. मग बालाघाटातील 'दऱ्या'चा 'दर्या' होतो आणि डोंगरात समुद्र येतो. हा दोष एडिटरचा नसतो, पण तो पकडण्याचे साधन एडिटरच असते. म्हणून शोध घेण्याची आणि 'सर्व ठिकाणी बदला' ही सोय उत्तम असलेला एडिटर मराठीसाठी अधिक उपयुक्त.

फॉन्टचा मुद्दाही दुर्लक्षिण्यासारखा नाही. रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त केलेले लोहित फॉन्ट आणि नोटो सान्स देवनागरी यांपैकी एक बहुतेक वितरणांत मिळतो. संगणकाची भाषा मराठी निवडलेली असेल तर 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणाची रूपेही योग्य फॉन्टमध्ये मिळू शकतात.

कळफलक एडिटर ठरवत नाही, प्रणाली ठरवते. इन्स्क्रिप्ट ही मांडणी भारतीय मानक असल्याने सर्व वितरणांत असते. इंग्रजी उच्चारावरून मराठी लिहिणाऱ्यांना आयबस या साधनात आयट्रान्स आणि मिंग्लिश असे पर्याय आहेत. टंकयंत्राच्या रेमिंग्टन मांडणीवर हात बसलेल्यांनी मात्र आपली मांडणी मिळते का, हे लिनक्स बसवण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून प्रणाली चालवून पाहावे. वीस वर्षांच्या सवयीचा प्रश्न एडिटर बदलून सुटत नाही.

एका नावाची परीक्षा

या जिल्ह्यापुरती एडिटरची खरी परीक्षा घ्यायची तर नावबदलाइतके योग्य उदाहरण नाही. हैदराबादचे शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून पडलेले उस्मानाबाद हे नाव पत्रांच्या नमुन्यांत, पत्त्यांच्या याद्यांत, प्रमाणपत्रांच्या मसुद्यांत शेकडो ठिकाणी असते. 'शोधा आणि बदला' ही एक कळ दाबली की काम झाले, असे वाटते. तेथेच फसगत होते.

पहिली अडचण 'उस्मानाबादी शेळी'ची. ही शेळीची नोंदणीकृत जात देशभर याच नावाने ओळखली जाते. सरसकट बदल केल्यास तिची 'धाराशिवी शेळी' होते आणि पशुधनाच्या अर्जाचा नमुना बिघडतो. 'उस्मानाबादकर' असे आडनाव असलेल्या व्यक्तीचे नावही असेच बदलून जाते. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा उल्लेख, जुन्या निकालपत्रांतील गाव किंवा संस्थेचे नोंदणीकृत नाव हेही सरसकट बदलता येत नाही.

यावर 'फक्त पूर्ण शब्द शोधा' हा पर्याय निवडावा, तर मराठीचे व्याकरण आड येते. इंग्रजीत प्रत्यय वेगळा शब्द असतो. मराठीत तो नावाला चिकटतो. 'उस्मानाबादला', 'उस्मानाबादच्या', 'उस्मानाबादहून' ही रूपे पूर्ण शब्दाच्या शोधात सुटतात. त्यातही प्रत्येक एडिटरची 'शब्द' ही कल्पना वेगळी. काही एडिटर वेलांटी-मात्रांना अक्षरात धरत नाहीत. त्यामुळे 'पूर्ण शब्द' मागूनही 'उस्मानाबादी' सापडतो. 'उस्मानाबादेत' हे रूप तर बदलल्यावर 'धाराशिवेत' असे अवघडलेले होते. ते हातानेच 'धाराशिवमध्ये' करावे लागते.

कोणत्याही साध्या एडिटरमध्ये चालणारी एक युक्ती अशी. प्रथम फोल्डरची प्रत काढून ठेवावी. मग 'उस्मानाबादी' आणि 'उस्मानाबादकर' यांच्या जागी फाइलमध्ये अन्यत्र कोठेही नसलेल्या खुणा घालाव्यात, उदाहरणार्थ '#१#' आणि '#२#'. त्यानंतर 'उस्मानाबाद'च्या जागी 'धाराशिव' असा बदल करावा, पण 'सर्व बदला' न दाबता एकेक ठिकाण पाहत पुढे जावे. इतिहासातील उल्लेख आणि नोंदणीकृत नावे जशीच्या तशी सोडावीत. शेवटी खुणांच्या जागी मूळ शब्द परत आणावेत. एवढे झाल्यावर 'उस्माना' एवढाच तुकडा पुन्हा शोधावा. 'स्'नंतर न दिसणारे जोडचिन्ह दडलेले शब्द पहिल्या शोधात निसटलेले असतात. त्यांच्यासाठी 'मानाबाद' असाही एक शोध घ्यावा.

माउसपॅड, फेदरपॅड, जीनी आणि केट यांत नियमित पदावलीची सोय आहे. तिच्या साहाय्याने 'पुढे दीर्घ वेलांटी नसेल तरच बदला' अशी अटही घालता येते. पण खुणांची युक्ती शिकायला पाच मिनिटे पुरतात आणि ती विसरत नाही.

वीज गेली तर

ग्रामीण भागात संगणकापेक्षा विजेचा भरवसा कमी, आणि बॅटरी बॅकअप प्रत्येक ठिकाणी नसतो. तासभर टंकित केलेला मजकूर एका झटक्यात जाण्याचा अनुभव अनेकांच्या गाठीशी असतो. म्हणून आपोआप जतन होण्याची सोय ही चैन नव्हे.

व्हिम आणि केट फाइलवर काम चालू असताना शेजारी एक तात्पुरती फाइल ठेवतात आणि वीज आल्यावर तिच्यातून मजकूर परत मिळवण्याची विचारणा करतात. फेदरपॅडमध्ये आपोआप जतन करण्याची वेळ ठरवता येते. जीनीमध्ये त्यासाठी सोबत येणारे 'सेव्ह ॲक्शन्स' हे प्लगइन सुरू करावे लागते. एक्सएड आणि प्लुमा यांच्या प्रेफरन्सेसमध्येही हा पर्याय आहे. लीफपॅडमध्ये अशी सोय नाही. तेथे कंट्रोल आणि एस हाच आधार. ही सोय मूळ स्थापनेत बहुधा बंद असते. ती सुरू केल्याशिवाय तिचा उपयोग नाही.

विंडोज आणि लिनक्स अशा दोन्ही संगणकांवर एकच फाइल फिरत असेल तर ओळीच्या शेवटाकडेही पाहावे. विंडोज प्रत्येक ओळीनंतर दोन न दिसणारी चिन्हे ठेवते, लिनक्स एकच. २०१८ पूर्वीच्या नोटपॅडमध्ये लिनक्सची फाइल उघडली की सगळा मजकूर एका ओळीत येत असे. जुना विंडोज वापरणाऱ्याला फाइल पाठवायची असेल तर एडिटरच्या मेनूत ओळीचा शेवट 'विंडोज' किंवा 'डॉस' निवडून जतन करावे.

कोणी काय निवडावे?

केवळ टिपणे, याद्या आणि पत्रांचे मसुदे लिहिणाऱ्याने वितरणासोबत आलेला एडिटर वापरावा. नव्याने बसवायचाच तर माउसपॅड किंवा फेदरपॅड पुरेसे आहेत. अनेक फायलींत एकदम बदल करणाऱ्या कार्यालयाने, संगणकात ४ जीबी मेमरी असल्यास, केटचा विचार करावा. नोटपॅड प्लस प्लसची सवय असलेल्यांनी आणि प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी जीनी घ्यावा. प्रत्येकाने नॅनोचे दोन संकेत पाठ ठेवावेत. व्हिम हा आवडीचा आणि चिकाटीचा विषय आहे. शिकला तर आयुष्यभर पुरतो, न शिकला तरी मराठी टंकनाचे काम अडत नाही.

निवड पक्की करण्यापूर्वी पाच ओळींची एक फाइल तयार करावी. पहिल्या ओळीत 'शेतकऱ्यांच्या', दुसरीत दोन्ही प्रकारे लिहिलेले 'ॲड.', तिसरीत 'श्री तुळजाभवानी' आणि 'ज्ञानेश्वर' यांसारखी जोडाक्षरे, चौथीत उस्मानाबादची सर्व रूपे आणि पाचवीत एंटर न दाबता लिहिलेला लांब परिच्छेद. ही फाइल प्रत्येक एडिटरमध्ये उघडावी. अक्षरे नीट दिसतात का, कर्सर योग्य जागी थांबतो का, लांब ओळ पडद्यात मावते का, शोध काय सापडवतो आणि जतन करून पुन्हा उघडल्यावर मजकूर तसाच राहतो का, हे पाहावे. दहा मिनिटांत निर्णय होतो.

एडिटर कोणताही निवडला तरी तो उद्या बदलता येतो, कारण सगळे मोफत आहेत आणि सगळ्यांची फाइल एकच आहे. बदलता येत नाही ती एकच गोष्ट : रूपांतर न करता, प्रत न ठेवता पुसून टाकलेला जुना मजकूर. संगणकावर लिनक्सची पेनड्राइव्ह लावण्यापूर्वी त्या मजकुराची सोय लावावी. नाव बदललेल्या जिल्ह्याच्या जुन्या नोंदी जुन्या नावासह वाचता येणे, ही गरज नव्या नावाने पत्र लिहिण्याइतकीच खरी आहे.